वाणी, हेतू आणि हत्या : तृतीय पाराजिकाच्या आधारे काही विचार

गेल्या वर्षावासात विहारातील अभ्यासवर्गात सम्यक वाचेवरील विवेचन संपल्यावर एका तरुण उपासकाने उभे राहून आम्हांस प्रश्न केला. सम्यक वाचा म्हणजे मृदू बोलणे असेल, तर आपल्या चळवळीतील निम्मी भाषणे अकुशल ठरतील, त्याचे काय? आणि एखाद्याचे भाषण ऐकून दुसऱ्याने दगड उचलला तर दोष कोणाचा, बोलणाऱ्याचा की उचलणाऱ्याचा? आम्ही त्या दिवशी मुसावाद, पिसुणवाचा, फरुसवाचा आणि सम्फप्पलाप या चार वाचिक अकुशल कर्मांची व्याख्या पुन्हा सांगितली. तो नम्रपणे खाली बसला. परंतु उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते हे त्याच्या मुद्रेवरून दिसत होते. प्रस्तुत लेख हे त्या तरुणाचे आमच्याकडे राहिलेले देणे होय.

हा प्रश्न केवळ पंडिती स्वरूपाचा नाही. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यावर मराठवाड्यातील ज्यांची घरे जळाली, त्यांना भाषण आणि आग यांचा संबंध कोणी समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या बाजूने, ज्यांची घरे जळाली त्यांनीच आवाज चढवला की त्यांच्या भाषणास चिथावणी म्हणण्याची तत्परताही आपण पुष्कळदा पाहिली आहे. म्हणून जो निकष आपण प्रतिपक्षास लावू तोच आपणांसही लागणार, हे प्रथमच ध्यानात ठेवून विचार केला पाहिजे.

कठोर वाणी कोणती?

सर्वसामान्य समज असा की, शब्द तप्त असले की वाणी दूषित झाली. पालि वाङ्मय या समजास आधार देत नाही. मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्त या संदर्भात मुळातून वाचण्यासारखे आहे. निगण्ठ नातपुत्ताने बिंबिसारपुत्र अभयास एक दुधारी प्रश्न देऊन तथागतांकडे पाठविले. तथागत दुसऱ्यास अप्रिय वाटणारे वचन बोलतात काय? होय म्हणावे तर सामान्य माणसात आणि त्यांच्यात भेद काय उरला? नाही म्हणावे तर देवदत्त दुर्गतीस जाणारा आहे, त्याच्यावर उपाय उरला नाही, असे ते का बोलले? तथागतांनी या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही असे एका शब्दात दिले नाही. अभयाच्या मांडीवर त्या वेळी एक तान्हे मूल होते. या मुलाच्या तोंडात काटकी किंवा खडा गेला तर तू काय करशील, असे त्यांनी विचारले. अभय म्हणाला की, रक्त आले तरी बोट घालून तो काढीन, कारण मला मुलाची अनुकंपा आहे. त्यावर तथागतांनी आपला नियम सांगितला. वचन सत्य आहे काय, हितकारक आहे काय, हे प्रथम पाहावयाचे. तसे असून ते अप्रिय असेल तर बोलण्याची योग्य वेळ पाहावयाची. प्रियता ही कसोटीच नव्हे. जे असत्य व अहितकर आहे ते ऐकणाऱ्यास कितीही गोड लागो, तथागत ते बोलत नाहीत.

अट्ठसालिनीत आचार्य बुद्धघोषांनी हाच मुद्दा एका घरगुती कथेने स्पष्ट केला आहे. आईचे न ऐकता एक मुलगा रानात निघाला. त्याला थांबवता न आल्याने, तुझ्यामागे रागीट म्हैस लागो, असे आई चिडून बोलून गेली. रानात खरोखरच तशी म्हैस समोर आली. मुलाने सत्यक्रिया केली : आई तोंडाने जे बोलली ते न होवो, मनाने जे चिंतीत होती ते होवो. म्हैस बांधल्यासारखी जागच्या जागी उभी राहिली. येथे शब्द कठोर, चित्त मृदू. म्हणून ही फरुसवाचा नव्हे. याच्या उलट, एखाद्याला ठार करण्याच्या इच्छेने, याला सुखाने झोपवा, असे जो म्हणतो त्याचे शब्द मऊ असले तरी ती वाणी कठोरच होय. कथेतील चमत्काराविषयी आमच्या वाचकांचे मत आम्ही जाणतो. तो बाजूला ठेवला तरी आचार्यांचे विश्लेषण ढळत नाही.

आपल्या इतिहासातील उदाहरण महाडचे आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर गावात हल्ला झाला, लोक जखमी झाले. हा हल्ला परिषदेतील जहाल भाषणांनी घडविला काय? तसे नाही. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार आहेत, अशी अफवा गावात पसरली आणि तिने हल्ला घडविला. अफवा म्हणजे मुसावाद, आणि ती पसरविणाऱ्यांचा हेतू माणसे एकमेकांवर घालण्याचा असेल तर पिसुणवाचाही. आपल्या लोकांत प्रतिकार करू शकणारे अनेक होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरून धरले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. सवर्ण समाजाच्या कानास त्याहून प्रखर अशी दुसरी कोणती कृती त्या काळी असू शकली असती? तरी सत्याग्रहींकडून कोणावर हात उगारला गेला नाही. आणि तळ्याविषयी न्यायालयाचा मनाईहुकूम आहे हे पाहून, तुरुंगात जाण्यास सिद्ध असलेल्या हजारो लोकांना बाबासाहेबांनी थांबविले. उष्णता सर्वाधिक तेथे हिंसा नाही, आणि हिंसा झाली तेथे कारण एक कुजबुज. पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळास बाबासाहेबांचे नियोजित भाषण न पेलवणारे वाटले व अधिवेशनच रद्द झाले, हे सर्वश्रुत आहे. ते भाषण पुस्तकरूपाने निघाले. ते वाचून कोणी कोणाचे घर पेटविल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा तरुणाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नाही. अवघड आहे तो दुसरा.

विनयातील न्यायविचार

दुसऱ्याच्या हातून घडलेल्या हत्येस बोलणारा कितपत जबाबदार, याचा आम्हांस ज्ञात असलेला अत्यंत प्राचीन आणि अत्यंत बारकाईचा विचार विनयपिटकाच्या सुत्तविभंगात, तृतीय पाराजिकाच्या विवरणात आहे. हा नियम भिक्खूंसाठी आहे, नागरिकांच्या फौजदारी कायद्यासाठी नव्हे, हे मान्य करूनच आम्ही त्याचा आधार घेत आहोत. पाराजिक म्हणजे ज्या अपराधाने भिक्खू संघातून कायमचा च्युत होतो तो. त्याखालोखाल थुल्लच्चय हा गंभीर दोष, आणि दुक्कट हा सौम्य दोष. ही पायरी लक्षात असली म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

नियमाचा विस्तार ज्या प्रसंगाने झाला तो पाहावा. एक उपासक आजारी होता. त्याची पत्नी रूपवती होती आणि षड्वर्गीय भिक्खूंचे मन तिच्यावर गेले होते. हा जिवंत असेतो ती आपणांस मिळणार नाही असा विचार करून ते त्याच्याकडे गेले. तू पुण्य केले आहेस, पाप केले नाहीस, मग हे दुःखी जीवन कशासाठी, मरणानंतर तुला दिव्य सुख मिळेल, असे त्यांनी त्याला सांगितले. त्या भोळ्या उपासकाला ते पटले. त्याने अपथ्य आहार घेतला, आजार वाढला आणि तो मरण पावला. या सर्व संभाषणात एकही कठोर शब्द नाही. आवाज चढलेला नाही. कोणावर हात टाकलेला नाही. तरीसुद्धा मरणाची स्तुती करणे व मरणास प्रवृत्त करणे हे प्रत्यक्ष हत्येच्या पंक्तीस बसविले गेले. अट्ठकथेत प्राणातिपाताचे जे सहा प्रयोग सांगितले आहेत, त्यांत स्वहस्ते मारणे हा पहिला आणि आज्ञेने मारविणे हा दुसरा आहे, तो याच दृष्टीने.

परंतु सुत्तविभंग येथे थांबत नाही, आणि याच ठिकाणी त्याची थोरवी आहे. एकाने दुसऱ्यास अमुक माणसास मार असे सांगितले, आणि त्याने त्याच माणसास मारले, तर दोघेही पाराजिक. त्याने भलत्याच माणसास मारले तर सांगणारा त्या हत्येपुरता निर्दोष, मारणारा दोषी. सकाळची वेळ ठरली असता त्याने संध्याकाळी मारले, तरी तसेच. म्हणजे बोलणाऱ्याचा दोष त्याच्या शब्दांच्या कक्षेबाहेर ओढून नेता येत नाही. एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास असा निरोप पोहोचत गेला तर त्या साखळीचाही विचार केलेला आहे. आसपास कोणी नाही असे समजून, अमुक मेला तर किती बरे होईल, असे जो मोठ्याने बोलतो आणि ते कोणाच्या कानी पडते, त्यास केवळ दुक्कट. इच्छा उच्चारणे आणि आज्ञा करणे यांत भेद केला आहे. परंतु इच्छा उच्चारणारा अगदी मोकळाही सोडलेला नाही.

लेखनाविषयीचा नियम आजच्या काळातील संपादकांनी भिंतीवर लावावा असा आहे. असा मरणारा धन, यश किंवा स्वर्ग मिळवितो असे लिहिणाऱ्यास प्रत्येक अक्षरागणिक दुक्कट. ते वाचून कोणी मरणाचा निश्चय करून स्वतःस दुःख करून घेतले तर थुल्लच्चय. मरण पावला तर पाराजिक. वाचकाने काहीच केले नाही तरी अक्षराचा दोष उरतोच, आणि परिणाम घडत जाईल तसा तो वाढत जातो. म्हणजे वाणीचा दोष आणि परिणामाचा दोष अशा दोन स्वतंत्र मोजपट्ट्या येथे ठेवलेल्या आहेत. आपल्या सार्वजनिक वादात बहुधा यांपैकी एकच कोणी तरी हाती घेतो आणि दुसरी विसरतो.

आणखी दोन नियम सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. पहिला खड्ड्याचा. कोणी विशिष्ट माणूस मनात न धरता, जो कोणी पडेल तो मरेल, अशा विचाराने जो खड्डा खणतो, त्याच्या खड्ड्यात माणूस पडून मेला तर तोही पाराजिक होतो. मी कोणाचे नाव घेतले नव्हते, हा बचाव येथे चालत नाही. मात्र मारण्याचा हेतू नसताना, न जाणता खणलेल्या खड्ड्याची गोष्ट वेगळी, कारण हेतू नसणे हे अनापत्तीचे कारण स्पष्ट शब्दांत दिलेले आहे.

दुसरा नियम माघारीचा. मार असे सांगितल्यावर सांगणाऱ्यास पश्चात्ताप झाला, परंतु मारू नकोस असे त्याने त्या माणसास ऐकविले नाही, आणि हत्या झाली, तर दोघेही पाराजिक. त्याने ऐकविले, आणि तरीही, तू सांगितलेच होतेस असे म्हणून दुसऱ्याने मारले, तर सांगणारा सुटतो. मनातल्या पश्चात्तापाला विनयात काही मोल नाही. तो ज्याच्या हातात शस्त्र आहे त्याच्या कानापर्यंत गेला पाहिजे.

नभोवाणीचा खटला

हे निकष अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंपुरतेच आहेत काय, हे पाहण्यासाठी आम्ही आफ्रिकेतील रवांडा या छोट्या देशाचे उदाहरण घेतो. भाषणाने हत्या घडविली काय, या प्रश्नाची इतकी सविस्तर न्यायालयीन छाननी अन्यत्र क्वचितच झाली असेल.

जुलै १९९३ मध्ये तेथे आर. टी. एल. एम. या नावाचे खासगी नभोवाणी केंद्र सुरू झाले. लोकप्रिय संगीत, थट्टामस्करी, श्रोत्यांशी घरगुती गप्पा, असे त्याचे स्वरूप होते. त्यामुळे ते आवडीने ऐकले जाई. त्याच गप्पांतून तुत्सी समाजाचा उल्लेख झुरळे असा होत असे. ६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडण्यात आले आणि सुमारे शंभर दिवस संहार चालला. मृतांची संख्या सामान्यतः आठ लाखांच्या आसपास सांगितली जाते. रवांडा शासनाचा आकडा दहा लाखांहून अधिक आहे. या काळात केंद्रावरून माणसांची नावे व ठिकाणे सांगितली जात आणि श्रोत्यांना कामास लागण्याचे आवाहन केले जाई. काम या शब्दाचा अर्थ सर्वांस ठाऊक होता. याला सुखाने झोपवा, या आचार्य बुद्धघोषांच्या उदाहरणाची येथे आठवण व्हावी.

अरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २००३ मध्ये केंद्राचे दोन संस्थापक आणि एका नियतकालिकाचा संपादक यांना दोषी ठरविले. अपिलाचा निकाल २८ नोव्हेंबर २००७ रोजी लागला, आणि आमच्या दृष्टीने तो मूळ निकालाहून अधिक बोधप्रद आहे. ६ एप्रिलपूर्वीच्या प्रसारणांत वांशिक द्वेष होता, हे अपील पीठाने नाकारले नाही. परंतु तेवढ्यावरून संहाराची प्रत्यक्ष चिथावणी सिद्ध होत नाही असे ठरविले. ६ एप्रिलनंतरच्या प्रसारणांत मात्र ती सिद्ध झाली. शिक्षा कमी झाल्या. फर्दिनांद नाहिमाना या संस्थापकाची जन्मठेप तीस वर्षांवर आली. त्याच्यावरील जो दोषारोप टिकला त्याचे कारण असे की, ६ एप्रिलनंतरची प्रसारणे थांबविण्याचा अधिकार व सामर्थ्य त्याच्याकडे असूनही त्याने ती थांबविली नाहीत. ज्याने ऐकविले नाही तो सुटत नाही, हा विनयातील माघारीचा नियम येथे जणू वेगळ्या भाषेत पुन्हा लिहिला गेला. हा नाहिमाना विद्यापीठात इतिहासाचे अध्यापन करीत असे. आमच्यासारख्या विद्यापीठीय माणसाने येथे क्षणभर थबकावे, हे बरे.

केंद्राच्या प्रसारणाने नेमकी किती हिंसा घडविली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. स्कॉट स्ट्रॉस या संशोधकाने शिक्षा भोगणाऱ्या मारेकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा बहुतेकांना हत्येस नेण्यात शेजारी, स्थानिक पुढारी आणि भीती यांचा वाटा मोठा आढळला, नभोवाणीचा मर्यादित. याउलट डेव्हिड यानागिझावा-द्रॉत यांनी, टेकड्यांमुळे ध्वनिलहरी कोठे पोहोचत होत्या आणि कोठे नव्हत्या याची तुलना करून, २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे एक दशांश सहभाग प्रसारणामुळे घडल्याचा अंदाज मांडला. एक दशांश ही संख्या अल्प नव्हे. पण उरलेले नऊ दशांशही विसरता येत नाहीत. पटिच्चसमुप्पाद जाणणाऱ्या वाचकास याचे नवल वाटू नये. वाणी हा अनेक प्रत्ययांपैकी एक प्रत्यय आहे. ती एकटी सर्व काही घडवीत नाही, म्हणून ती काहीच घडवीत नाही असे होत नाही.

न्युरेंबर्ग येथे १९४६ साली हाच भेद दोन व्यक्तींच्या रूपाने दिसला होता. ज्यूद्वेषाचे साप्ताहिक चालविणाऱ्या युलियुस श्ट्रायखर यास फाशी झाली, कारण पूर्वेकडे ज्यूंची कत्तल होत आहे हे ठाऊक असताना तो त्यांच्या उच्छेदाची मागणी छापीत राहिला. नभोवाणीवरील प्रमुख नाझी भाष्यकार हान्स फ्रित्शे निर्दोष सुटला, कारण त्याच्या भाषणांत द्वेष असला तरी ज्यूंचा छळ वा उच्छेद करण्यास त्याने प्रवृत्त केल्याचे न्यायाधीशांना दिसले नाही. सोव्हिएत न्यायाधीशास हा निर्णय मान्य नव्हता. आम्हांसही फ्रित्शेविषयी ममत्व नाही. परंतु तिरस्करणीय आणि शिक्षापात्र या दोन भिन्न कोटी आहेत, हे तेथे मान्य झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ च्या श्रेया सिंघल निर्णयात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असा भेद करून चिथावणीपाशीच बंधनाची सीमा आखली आहे.

हेतूविना घडलेले अनिष्ट

या विवेचनात एक प्रसंग राहून जातो, आणि तो सांगताना पुष्कळ लेखक संकोचतात. तृतीय पाराजिकाचे मूळ स्वतः तथागतांच्या उपदेशात आहे. वैशालीच्या महावनात त्यांनी अशुभभावनेची प्रशंसा केली आणि ते पंधरा दिवस एकान्तात गेले. इकडे भिक्खूंना स्वतःच्या शरीराची किळस आली. काहींनी आत्मघात केला, काहींनी एकमेकांना मारले, आणि काहींनी मिगलण्डिक नामक माणसास पात्रचीवर देऊन स्वतःची हत्या करवून घेतली. एका दिवसात साठपर्यंत भिक्खू मारले गेल्याचे वर्णन आहे. एकान्तातून परतल्यावर संघ विरळ झाल्याचे पाहून तथागतांनी आनंदास कारण विचारले.

पुढे काय झाले ते महत्त्वाचे. ऐकणाऱ्यांनी माझा अर्थ चुकीचा घेतला, असे म्हणून तथागतांनी विषय मिटविला नाही. त्यांनी वैशालीच्या आसपासच्या सर्व भिक्खूंना एकत्र बोलाविले, आनापानसतीचा वेगळा मार्ग शिकविला आणि मग नियम घातला. हेतू नव्हता म्हणून दोष नाही, परंतु परिणाम दिसल्यावर कर्तव्य मात्र उत्पन्न झाले. दोष आणि कर्तव्य यांतील हे अंतर वक्त्यांनी मनात ठेवावे.

आपल्याच घरातील प्रश्न

येथवर इतरांची उदाहरणे दिली. आता ज्याविषयी आपल्या नियतकालिकांत कमी लिहिले जाते त्याकडे वळले पाहिजे. ब्रह्मदेशात २०१२ पासून मुस्लिमांविरुद्ध जी हिंसा झाली, आणि २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना ज्या परिस्थितीत देश सोडावा लागला, तिच्या मागेपुढे चीवरधारी वक्त्यांची प्रवचने होती. अशिन विराथू यांच्या भाषणांवर तेथील संघाच्या सर्वोच्च समितीनेच मार्च २०१७ मध्ये एक वर्षाची बंदी घातली. त्याच वर्षी एका ज्येष्ठ व बहुश्रुत सयाडोंनी सैन्याधिकाऱ्यांपुढे महावंसातील दुट्ठगामणी राजाची कथा सांगितली. युद्धातील संहाराने व्याकूळ झालेल्या राजास आठ अर्हतांनी असे समाधान दिल्याचे त्या कथेत आहे की, तुझ्या हातून दीडच माणूस मारला गेला. एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशीलही. उरलेले पशुसमान होते.

पशुसमान आणि झुरळ यांत आम्हांस अंतर दिसत नाही. महावंस हा सुत्तपिटकाचा भाग नव्हे, तथागतांच्या परिनिर्वाणानंतर सुमारे हजार वर्षांनी लंकेत रचलेला इतिहासग्रंथ आहे, आणि निकायांत या कथेस कोठेही आधार नाही, असे सांगून पालि अभ्यासकाने हात झटकणे सोपे आहे. आम्हीही वर्गात अनेक वर्षे तसेच करीत आलो. ज्या समाजाच्या पूर्वजांना पशूहून हीन लेखले गेले, त्या समाजातील बौद्धांनी तरी हा उतारा वाचताना पुढे घाईने जाऊ नये, असे आज आम्हांस वाटते. शस्त्र हाती असलेल्यांपुढे, संहार चालू असताना अशी कथा सांगणे, हा कोणाचे नाव न घेता खणलेला खड्डा होता की नाही, हे सांगणाऱ्याच्या चित्तावर ठरेल. ते चित्त आम्ही पाहू शकत नाही. खड्डा मात्र दिसतो. त्याच देशात मेक्तिला येथे २०१३ च्या दंगलीत भिक्खूंनी आपल्या विहारात शेकडो मुस्लिमांना आश्रय दिला, हेही येथे नोंदविले पाहिजे.

आणि आपल्या महाराष्ट्रात? ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यापुढे एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगाव येथे विजयस्तंभास मानवंदना देण्यास जाणाऱ्यांवर हल्ले झाले. या हिंसाचारात एका तरुणाचा मृत्यू झाला. एका फिर्यादीने दोष हिंदुत्ववादी नेत्यांवर ठेवला, दुसरीने परिषदेतील भाषणांवर व गीतांवर. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने निष्कर्षाचा अधिकार आमच्याकडे नाही. मात्र निकष कोणता लावावा हे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक विचारी वाचकास आहे. कोणी, कोणास, कोणाविरुद्ध, काय करण्यास सांगितले. जे घडले ते त्या सांगण्याच्या कक्षेत होते काय. ज्यांनी शस्त्रे उचलली त्यांनी ते शब्द ऐकले होते काय. आणि हिंसा सुरू झाल्यावर कोणी, थांबा, असे ऐकविले? ही चौकशी दोन्ही बाजूंस सारखीच लागली पाहिजे. परिषदेची भाषा प्रखर होती, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. आणि प्रतिपक्षाची भाषा सौम्य असेल, तर तेवढ्यानेही नाही.

एका व्यक्तीच्या चिथावणीचा दोष संपूर्ण समूहावर टाकण्याची प्रवृत्ती नवी नाही. चुल्लवग्गात याचे उदाहरण आहे. देवदत्ताने राजपुत्र अजातशत्रूस पित्याची हत्या करून राजा होण्यास चिथावले. कट्यार मांडीस बांधून भर दुपारी अंतःपुरात शिरणाऱ्या राजपुत्रास अमात्यांनी पकडले. विचारताच त्याने देवदत्ताचे नाव सांगितले. अमात्यांत तीन मते पडली. काही म्हणाले, राजपुत्र, देवदत्त आणि सर्व भिक्खू यांना ठार करावे. काही म्हणाले, भिक्खूंचा अपराध नाही, पहिल्या दोघांनाच मारावे. उरलेले म्हणाले, कोणासही न मारता राजास कळवावे. बिंबिसाराने पहिल्यांना पदच्युत केले, दुसऱ्यांना खालच्या जागी नेमले, तिसऱ्यांना बढती दिली. पुढे अजातशत्रूने पितृहत्या केलीच. आणि सामञ्ञफल सुत्ताच्या अखेरीस तो त्या कृत्याची कबुली देतो तेव्हा देवदत्ताचे नाव घेत नाही, तथागतही त्याचा भार हलका करण्यासाठी ते नाव पुढे करीत नाहीत.

भिक्खू त्या दिवशी वाचले, त्याचे एक कारण बिंबिसाराच्या बोलण्यात आले आहे. देवदत्ताविषयी संघाने आधीच जाहीर घोषणा केलेली होती, याची त्याने अमात्यांना आठवण दिली. देवदत्त काया-वाचेने जे करील त्यात बुद्ध, धम्म वा संघ पाहू नये, ते देवदत्ताचेच समजावे, असे ते प्रकाशनीय कर्म होते. ही घोषणा राजगृहात करण्याचे काम सारिपुत्तांवर आले, तेव्हा ते अडखळले. याच राजगृहात मी पूर्वी देवदत्ताची स्तुती केली आहे, आता हे कसे सांगू, असे ते म्हणाले. तुझी ती स्तुती खरी होती ना, असे तथागतांनी विचारले. सारिपुत्तांनी होय म्हटल्यावर, तशीच खरेपणाने ही घोषणाही कर, असे त्यांना सांगण्यात आले. संघाने विधिपूर्वक त्यांची नियुक्ती केली आणि सारिपुत्त अनेक भिक्खूंसह नगरात गेले. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी, हे शाक्यपुत्रीय श्रमण देवदत्ताच्या लाभसत्काराने जळतात, असे म्हटले. काहींनी मात्र, ज्या अर्थी तथागतांनी हे राजगृहात जाहीर करविले त्या अर्थी प्रकरण साधे नसावे, असा विचार केला.